जुना होता की नवा

मुरुमला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खत आणि औषधं. औषधं म्हणजे फवारणीची. माणसांची समोरच्या मेडिकलमध्ये मिळतात. गेली वीस-बावीस वर्षं या काउंटरमागं उभं राहून मी एक वाक्य सगळ्यात जास्त वेळा बोललो असेन: "जुनं औषध आता चालत नाही, अळी बदललीय." वाक्य खोटं नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलोय, अळी बदलते हे मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं एकाच औषधाचा मारा झाला की त्यातून तगलेल्या अळ्यांची पुढची पिढी त्या औषधाला भीक घालत नाही. पण दर वेळी मी ते केवळ खरं आहे म्हणूनच बोललो, असंही नाही. नवीन माल येऊन पडला असला की हे वाक्य तोंडातून जरा जास्तच सहज निघतं.

परवा पुन्हा फोनवर बातमी आली, कुठल्यातरी देशात करोनाचा नवा व्हेरिएंट सापडला. दुकानात कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र दिवसभर काही सुचेना. म्हणून हे लिहायला बसलोय. लिहिल्यानं डोकं साफ होईल असं म्हणतात, मला तशी फारशी आशा नाही.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मुरुमपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथं वस्तीत, विहाराला लागून आमचं घर, आणि ओढ्याच्या पलीकडं थोडी जमीन. आईबाबा लवकर गेले, तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर घर म्हणजे दादा आणि वहिनी. दादा स्वतः चौथीपुढं गेले नाहीत, पण मला पदवीपर्यंत नेऊनच थांबले. माझ्या शर्टाची बटणं वहिनींनी लावली, मी हॉस्टेलला निघालो की ट्रंकेत शेंगदाण्याची चटणी वहिनींनी ठेवली. माझं लग्न होऊन मी मुरुमला राहायला आलो तरी मला बरं नसलं की आधी त्यांना कळायचं.

मी शिकलो याचा दादांना इतका अभिमान की मला विचारल्याशिवाय ते काही करत नसत. पेरणी कधी करायची, मोटार कुठली बसवायची, दाढ दुखतेय तर कुठल्या डॉक्टरकडं जायचं, सगळं मला. गावात कुणी काही सांगायला आलं की हे म्हणायचे, "थांबा, म्या माझ्या भावाला इचारतो." कधीकधी मला वैताग यायचा, पण खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याही व्हायच्या. भाव खायचो मी.

लशीचा पहिला डोस दोघांनी घेतला तोही माझ्या शब्दावर. गावच्या शाळेत टेबल मांडलं होतं. वस्तीतली चार माणसं अजून कुजबुजत होती तेव्हा दादांनी बाही वर केली. दोघांना एक दिवस ताप आला. वहिनींनी मिळालेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यातल्या फोटोमागं ठेवला. आमच्याकडं देव्हाऱ्यात बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्यामागं घरातले सगळे महत्त्वाचे कागद.

मग दुसरी लाट आली. ती कशी होती हे मी लिहीत नाही, ज्यांनी पाहिली त्यांना सांगावं लागत नाही. ती ओसरत होती तोवर दोन डोसमधलं अंतर मधेच वाढवण्यात आलं, आणि लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथूनच. त्यात टीव्हीवर नव्या व्हेरिएंटची नावं सुरू झाली. आमच्या भागात सोयाबीनचं वाण नंबरानं ओळखतात, त्यामुळं दुकानात येणारा माणूस विचारायचा, "आता कुठला नंबर यायलाय म्हणं?" एकानं तर बियाण्याचं विचारावं तसं मला विचारलं, "ह्येचा कालावधी किती दिवसाचा?" मी हसलो, पण उत्तर मलाही येत नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी फोनवर वाचत बसायचो. एक जण म्हणे, लस या नव्यावरही चालते. दुसरा म्हणे, चालते पण कमी. तिसरा म्हणे, हा लशीला चुकवतो. चौथं वाचायला घेतलं तर ती काढ्याची जाहिरात निघायची. मी पदवीधर माणूस, विषाणू आणि जिवाणू यातला फरक मला कळतो, तरी माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

अशातच जूनमधला तो दिवस. पेरणीची धांदल होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दादा बियाणं न्यायला आले होते आणि आपला नंबर येईपर्यंत खताच्या पोत्यावर बसले होते. एक शेतकरी मागच्या वर्षीचंच औषध मागत होता आणि मी माझं वाक्य त्याला ऐकवत होतो. दादांनी ते ऐकलं. तो माणूस गेल्यावर त्यांनी तिथूनच विचारलं, "व्हय रे, ह्या करोनाची बी अळी बदलली म्हणतेत. मग आमी दुसरा डोस जुनाच कामून घ्यायचा? नव्याला नवं औषध येईल की."

माझ्या एका हातात बिलबुक, दुसऱ्या हातात पेन, खांद्यानं धरलेला फोन कानाला. मी मान वर न करता म्हणालो, "हां दादा, येईल नवीन. थांबा मग थोडं."

एवढंच. इतकं साधं वाक्य की त्याच दिवशी मी ते विसरून गेलो. दादा विसरले नाहीत. गावात परत जाऊन त्यांनी सांगितलं, भाऊ म्हणाला, थांबा.

दीड-दोन महिन्यांनी त्यांची तारीख उलटून गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गावी गेलो आणि दादांना म्हणालो, "दुसरा डोस घेऊन टाका. एक फवारणी करून सोडून दिली तर अळी मरत नाही, उलट माजते, हे तुम्हाला माहीत आहे." मला वाटलं, त्यांच्याच भाषेत सांगितलं की पटेल. दादा शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. पन दुसरी फवारणी दुसऱ्या औषधाची करा म्हणतोस ना तू? तेच तेच मारू नका म्हणतोस."

खरोखरच मी तसं म्हणतो. तसंच म्हणायला शिकवलंय आम्हाला, आणि शेतात ते बरोबरही आहे. लशीचं तसं नसतं, लस अळी मारत नाही, अंगालाच लढायला शिकवते, असं काहीतरी मी समजावत बसलो. ते ऐकत होते, मान डोलवत होते, आणि शेवटी हसून म्हणाले, "आता तू सरकारवानी बोलायलास. दुकानात मनचं बोलला हुतास." खूप राग आला मला. त्यांचा की माझाच, ते काही कळलं नाही.

वहिनींचं वेगळंच. दादांनी घेतला की त्या घेणार. पण सप्टेंबरात एकदा त्यांनी मला फोन केला. दादा शेतात गेले होते. "भाऊजी, मी एकटीच जाऊन घेऊ का ती सुई? ह्यांचं काय खरं दिसंना." मी म्हणालो, "एकट्या नका जाऊ, दादांना वाईट वाटेल. येत्या रविवारी मी येतो, दोघांना घेऊन जातो, जोडीनंच घ्या." तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. दुकान, पाऊस, सोयाबीनची काढणी, काहीतरी असायचंच. पुढं तर आजारीही कुणी दिसेना. मास्क गळ्यात आले, लग्नं सुरू झाली, आणि मला वाटलं, गेलं बहुतेक सगळं.

हिवाळ्यात पुन्हा नवं नाव आलं. या खेपेला टीव्हीवर म्हणत होते की हा पसरतो फार, पण सौम्य आहे, सर्दी-खोकल्यावर निभावतो. दुकानात सगळे निर्धास्त. "आता त्येच्यात दम न्हाय राहिला," असं लोक बोलायचे. जानेवारीत, हरभऱ्याला घाटे लागले होते तेव्हा, आधी दादांना खोकला झाला. दोन दिवसांत ते हिंडू-फिरू लागले. मग वहिनींना ताप आला. दादांनी फोन करून विचारलं, तर मी म्हणालो, "हा नवाच असणार. तीन दिवसांत जातो. वाफ घ्या, आराम करा."

चौथ्या दिवशी वहिनींना धाप लागली. पाचव्या दिवशी उमरग्याला नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. आठव्या दिवशी त्या गेल्या.

तिथल्या तरुण डॉक्टरांना मी विचारलं, "साहेब, जुना होता की नवा?" मला काय ऐकायचं होतं कोण जाणे. ते दमलेले होते, पण नीट बोलले. म्हणाले, "इथं फक्त आहे की नाही एवढंच कळतं. कुठला आहे ते बघायला थोडेच नमुने पुण्याला जातात. तुमचा गेला असेलच असं नाही." नंतर मी दोनदा फोन करून पाहिला. गेला होता का, त्यालाही उत्तर मिळालं नाही, आणि खरं तर ते देणं कुणाचं कामही नव्हतं.

मातीला मोजकी माणसं होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही घरातल्या घरात केला. वंदना झाली, चार माणसं बोलली, उठून गेली. दादा भिंतीला टेकून बसलेले. तीन-चार दिवस त्यांच्या पोटात धड अन्न नव्हतं, शुगर असलेला माणूस, मला धास्ती वाटत होती. मी भाकरीचं ताट पुढं ठेवलं. त्यांनी ते पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"तू डॉक्टरला इचारलास ना?"

"हो."

"कुठला हुता? जुना का नवा?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला लख्ख कळलं. जुना असता तर दुसऱ्या डोसानं वहिनी वाचल्या असत्या, आणि तो त्यांनी घेऊ दिला नाही. नवा असता तर काहीच हातात नव्हतं. मी म्हणालो, "नवा होता दादा. अगदी नवा."

"मग जुन्या डोसानं काय झालं नसतं."

"नाही."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याही छातीवरचं काहीतरी हललं. ते वाक्य मी दादांसाठी बोललो की स्वतःसाठी, याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही. वहिनींचा तो फोन दादांना माहीत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यानंतरचे सहा महिने दादा बरे होते. म्हणजे हिंडत-फिरत होते, शेतात जात होते, स्वतः भाकरी थापायला शिकत होते आणि ती जाडजूड होते म्हणून स्वतःवरच चिडत होते. पण शुगर वाढलेली होती, खोकला पूर्ण गेला नव्हता, वजन उतरलं होतं. पावसाळ्यात करोनाचे आकडे परत वर जाऊ लागले. आता तर व्हेरिएंटला नावंही राहिली नव्हती, नुसती अक्षरं आणि टिंबं देऊन आकडे. त्याच आठवड्यात गावच्या नर्सबाईंचा मला फोन आला.

"दादांना तुम्हीच समजवा. घरोघर जाऊन देतोय आम्ही, पण ते घेत नाहीत. आज-उद्या शाळेत आहोत आम्ही, मग पुढच्या गावाला. एवढ्या शुगरमध्ये त्यांना परत लागण झाली तर अवघड आहे, सांगून ठेवते. आणि तुमचंच नाव सांगतात हो. म्हणतात, माझ्या भावानं डॉक्टरला विचारलंय, नव्याला जुना डोस चालत नाही, माझ्या मालकिणीच्या वेळेला सिद्धच झालं."

दुकान बायकोवर टाकून मी निघालो. सात-आठ किलोमीटरचा रस्ता, दोन्हीकडं सोयाबीन फुलात आलेलं, आणि मी गाडीवर बसून दुसरं खोटं जुळवत होतो. सांगायचं, हा नवीन डोस आहे, नव्यासाठीच बनवलाय. सोपं होतं. कुणाचंच नुकसान नव्हतं. दादा घेतील, वहिनी गेल्याचं दुःख आहे तिथंच राहील, आणि मी सुटेन. गाव येईपर्यंत मी जवळजवळ खूश झालो होतो.

दादा ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. मी म्हणालो, "दादा, आनंदाची बातमी आहे. नवीन डोस आलाय. या नव्यासाठीच काढलाय."

त्यांनी वर पाहिलं. "त्या बाईला म्या इचारलं. तीच बाटली हाय म्हणाली, पयल्याचीच."

मी नर्सबाईंच्या प्रामाणिकपणाला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि ओट्यावर बसलो. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. आहे तसं सोडायचं, दादांचं मन शांत ठेवायचं, आणि त्यांना पुन्हा धाप लागते का याची वाट बघत बसायचं. नाहीतर ती शांतता आपल्या हातानं मोडायची. बरं, मोडून सांगायचं काय? खरं काय ते मला तरी कुठं माहीत होतं?

"दादा, वहिनींना कुठला झाला होता ते मला माहीत नाही."

त्यांचे हात थांबले.

"डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. तिथं कळतच नाही ते. मी तुम्हाला माझ्या मनानं सांगितलं."

"म्हंजे जुना बी असंल."

"असेल. नवाही असेल."

"आन् तिनं घेतला असता तर?"

मला रडू यायला लागलं. मी म्हणालो, "वाचल्या असत्या कदाचित. नव्यावर थोडा कमी चालतो, पण जिवावर बेतू देत नाही, असं म्हणतात."

"म्हणतेत का हाय?"

"मला नक्की नाही माहीत, दादा." उभ्या आयुष्यात मी त्यांना हे वाक्य पहिल्यांदा बोललो.

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग अगदी खालच्या आवाजात, रागावल्यासारखं मुळीच नाही, म्हणाले, "तिनं तुला फोन केलता. एकटी जाऊ का म्हनून. रातच्याला मला सांगितलं तिनं. भाऊजी रविवारी येतेत म्हणाली."

मी मान खाली घातली. लाज वाटत होती, आणि तेव्हा कळलं की मी 'नवा होता' म्हणालो तेव्हा दादांनी ते माझ्यासाठीही मानून घेतलं असणार. दोघांनाही पुरेल असं खोटं होतं ते, आणि मीच ते मोडून टाकलं होतं.

दादा उठले. आत जाऊन शर्ट घालून आले. हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात दोन कागद. वहिनींचा कागद त्यांनी काढून परत आत ठेवला आणि आपला तेवढा घेतला. मी गाडीची किल्ली काढली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, चालत जातो." शाळा काही लांब नाही. ते पुढं आणि मी मागं, असे आम्ही गेलो. विहारासमोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी जय भीम घातला, दादांनी हात वर केला, मी नुसतीच मान हलवली.

शाळेत दोन-चार जणच होते. दादांनी बाही वर केली, तोंड फिरवलं, सुई टोचून झाली. नर्सबाईंनी अर्धा तास बसायला सांगितलं. बाकावर आम्ही दोघं शेजारीशेजारी बसलो. मी पाणी आणून दिलं, ते प्यायले. पंखा बंद होता, तर मी वहीच्या पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालू लागलो, त्यांनी तेही चालू दिलं. जरा वेळानं त्यांनी घसा साफ केला. मी लगेच त्यांच्याकडं वळलो. ते मला ओलांडून समोर टेबलाशी बसलेल्या नर्सबाईंकडं बघत होते. ताप किती दिवस येईल, शुगरची गोळी आज घ्यायची का, उद्या फवारणीला शेतात जाऊ का, हे सगळं त्यांनी एकेक करून नर्सबाईंना विचारलं.